दोन घरांतली पत्रे: एका पत्रसंग्रहाच्या परवानग्यांची हकिकत

माझे वडील, म्हणजे आप्पा, चित्रकार होते आणि त्यांचे जन्मभराचे मित्र, ज्यांना आम्ही भावंडे काका म्हणत असू, कथालेखक होते. त्या दोघांनी १९५८ ते १९९२ या काळात एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक ऑगस्ट २०२५मध्ये आम्ही दोन्ही घरांनी मिळून सांगलीतून प्रसिद्ध केले. पुस्तकाविषयी लिहिणे हा या लेखाचा हेतू नाही. पत्रे हाती असणे आणि ती छापता येणे यांच्यामध्ये परवान्यांचा, सह्यांचा आणि वाट पाहण्याचा जो लांब पल्ला असतो, त्याची माहिती आम्हाला सलगपणे कुठे मिळाली नाही. ज्यांच्या घरी अशी एखादी ट्रंक आहे त्यांना ती मिळावी, म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

पत्रे कोणत्या स्वभावाची होती हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्या स्वभावातूनच आल्या. दोघे सांगलीतल्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. शाळेच्या हस्तलिखितात एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने चितारायचे हा रिवाज तेव्हाच पडला आणि कोणाचे नाव वर घालायचे हा वादही तेव्हाच सुरू झाला. पुढे काका पुण्याला एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेले, आप्पा कोल्हापूरला चित्रकलेचे शिक्षण घेऊन सांगलीत ड्रॉइंगमास्तर झाले, आणि दिवाळी अंकांतून काकांची कथा व तिच्यावर आप्पांचे चित्र असा जोड वर्षानुवर्षे येत राहिला. सांगली जिल्ह्यात हे नवल नव्हते. किर्लोस्करवाडीहून १९२०पासून निघालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, आणि माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर लेखणीबरोबर कुंचलाही चालवीत. पण तिथे दोन्ही कला एकाच माणसाच्या हातात होत्या. इथे त्या दोन हट्टी माणसांत वाटल्या गेल्या होत्या. काकांची तक्रार अशी की आप्पा कथेतला नेमका शेवटचा प्रसंग चितारतात आणि वाचकाला पान उलटायच्या आत शेवट कळतो. आप्पांची तक्रार अशी की कथा चार ओळींनी लांबली की संपादक चित्र कापून काडेपेटीएवढे करतात, आणि काका मुद्दाम चार ओळी लांबवतात. दोघेही आपापल्या मानधनाचा आकडा पत्रात लिहीत आणि दुसऱ्याचा विचारीत. एकाचे कौतुक कुठे छापून आले की ते कात्रण दुसरा न चुकता पाठवी, पण सोबत अभिनंदनाचा शब्द क्वचितच असे. आणि तरीही, मधला अबोल्याचा काळ सोडला तर, चौतीस वर्षांत आपले नवे काम दोघांनीही सर्वांत आधी एकमेकांनाच दाखवले.

१९९२ साली काका निवृत्त होऊन सांगलीला परतले, विश्रामबागेत राहू लागले, रोज संध्याकाळी दोघे कृष्णेच्या घाटावर भेटू लागले आणि पत्रे थांबली. आप्पा २०१४ साली गेले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला. भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात काकांच्या पत्रांचे दोन गठ्ठे होते, ते भिजले. त्या वेळी एका ग्रंथपाल बाईंनी फोनवरून जे सांगितले ते इथे लिहून ठेवते, कारण पुराच्या गावांना ते पुन्हा लागणार आहे. भिजलेली पत्रे ओढून सुटी करू नयेत. गठ्ठा तसाच सपाट ठेवून, वरचे पत्र आपोआप सुटेल तसे उचलून टिपकागदात ठेवावे आणि टिपकागद ओला झाला की बदलावा. ऊन, इस्त्री आणि केस वाळवायचे यंत्र यांपासून दूर ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे. लॅमिनेशन मुळीच करू नये. आणि प्रत्येक पत्र हाती येताच मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे, कारण ओल्या कागदावर दिसणारे अक्षर वाळल्यावर दिसेलच असे नाही. पेन्सिलीने आणि बॉलपेनने लिहिलेली पत्रे जवळजवळ सगळी वाचली. फाउंटन पेनच्या शाईची बरीच पसरली, तरी पुढे स्कॅन केल्यावर संगणकावर रंगांचे प्रमाण बदलून त्यांतली पुष्कळशी वाचता आली.

पुरानंतर मी काकांना भेटले तेव्हा त्यांनी स्वतःहून विषय काढला. ‘‘त्याची पत्रं माझ्याकडे आहेत. दोन्ही एकत्र छापा. एकट्याची छापाल तर लोकांना अर्धंच भांडण कळेल,’’ असे ते म्हणाले. नंतर साथीची वर्षे आली, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये काका गेले. त्यांचा होकार आम्हा सर्वांच्या देखत दिलेला होता. परंतु कायद्याला तो पुरत नाही. घरात वडीलधारे लेखक किंवा चित्रकार असतील तर त्यांची परवानगी त्यांच्या हयातीत, त्यांच्या सहीने, कागदावर घ्यावी, हे सगळ्यांना कळकळीने सांगणे आहे. एक सही असली की पुढच्या सात सह्या वाचतात.

फेब्रुवारी २०२३मध्ये दोन्ही घरांतली पत्रे एकत्र आणून यादी केली. काकांनी आप्पांना लिहिलेली १३१ आणि आप्पांनी काकांना लिहिलेली ९६ निघाली. प्रत्येक पत्राला क्रमांक देऊन वहीत तारीख, प्रकार, कागदाची स्थिती आणि पत्रात कोणाकोणाचा उल्लेख आहे हे चार रकाने केले. चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडला. ज्या पोस्टकार्डांवर तारीख नव्हती त्यांचा काळ टपालाच्या शिक्क्यावरून किंवा कार्डावरच्या छापील किमतीवरून ठरवला. आंतरदेशीय पत्रे अनेकदा घाईने भलत्या बाजूने फाडलेली असतात आणि कडेची ओळ त्या कपच्यावर जाते. म्हणून पाकिटाचे तुकडे, कपचे काहीही टाकून देऊ नये.

याच कामात एक गोष्ट प्रथम आम्हा दोन्ही घरांच्या लक्षात आली. आप्पांकडे आलेल्या काकांच्या पत्रांच्या समासांत जळक्या मातीचा, गेरूचा, निळ्याचा असे रंगांचे फराटे होते. आप्पा कुंचल्यातला रंग त्या कोऱ्या कडेवर पारखून बघत असत. आणि काकांकडे गेलेली आप्पांची पत्रे लाल शाईने तपासलेली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, विसरलेले अनुस्वार, लांबलेली वाक्ये, या सगळ्यांवर मुद्रितशोधनाच्या रीतसर खुणा. समास रंगवलेले पाहून काकूंना आधी वाईट वाटले, आणि लाल खुणा पाहून माझ्या आईला. मला मात्र त्या खुणांमध्ये आणि त्या फराट्यांमध्ये दोघांचा सगळा संबंध दिसला, आणि पुस्तकात नुसता मजकूर न छापता निवडक पत्रांच्या रंगीत प्रतिमाही द्यायच्या हे तेव्हाच ठरवले. खर्च वाढला, पण तो निर्णय आजही योग्य वाटतो.

जून २०२३मध्ये सांगलीतल्या एका वकील बाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प झालो. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याच्या मालकीचा असतो. पत्रातील मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतो. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कायदा १९५७ सालचा आहे आणि त्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची साठ वर्षे तर ते प्रथम प्रसिद्ध होईल तेव्हापासून मोजली जातात. म्हणजे आमच्या कपाटातली १३१ पत्रे आमची असली तरी त्यांतला शब्दही काकांच्या वारसांना विचारल्याशिवाय आम्हाला छापता येत नव्हता, आणि त्यांच्याकडची ९६ पत्रे आम्हाला विचारल्याशिवाय त्यांना. आयुष्यभर ज्यांनी एकमेकांवर कुरघोडी केली, त्यांचा वारसा असा गुंतलेला निघाला की कोणत्याही एका घराला दुसऱ्याशिवाय पाऊल टाकता येईना. हे समजल्यावर ‘तुमची पत्रे, आमची पत्रे’ ही भाषा दोन्ही घरांतून हळूहळू गेली, आणि माझ्या मते पुस्तक तिथे सुरू झाले.

चित्रांची बाब याहून अवघड होती. स्वतंत्रपणे लिहून मासिकाला पाठवलेल्या कथेचा हक्क, तो लिहून दिला नसेल तर, लेखकाकडेच राहतो. परंतु कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा ठरतो, असे कायद्याचे सतरावे कलम म्हणते. दिवाळी अंकांसाठी आप्पांनी काढलेली रेखाटने या तरतुदीत बसतात की नाही यावर वाद घालता येईल, पण वाद घालण्यापेक्षा मासिकाच्या मालकांचे पत्र आणणे बरे, असा वकील बाईंचा सल्ला पडला. एकाच अंकात, एकाच पानावर छापलेल्या दोन कामांपैकी कथा काकांची राहिली आणि चित्र कदाचित आप्पांचे राहिले नाही. आप्पा हयात असते तर त्यांनी यावर काकांना किती लांब पत्र लिहिले असते याची मला कल्पना आहे. चित्रकारांनी तरी यापुढे काम देताना ‘चित्राचा हक्क माझ्याकडे राहील, ही परवानगी या एका अंकापुरती आहे’ असे एक वाक्य देयकावर लिहावे.

त्यानंतरचे दीड वर्ष सह्यांत गेले. काकांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यामुळे काकू, दोन मुले आणि मुलगी असे चौघे समान हक्काचे वारस. आमच्याकडे आई, भाऊ आणि मी. वारसांत वाद असता तर न्यायालयातून वारस दाखला काढावा लागला असता आणि त्यात महिनोन्महिने गेले असते. वाद नसल्यामुळे दोघांचे मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची नावे असलेले नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र आणि सर्वांच्या सहीचा परवाना-करार एवढ्यावर भागेल, असे वकील बाईंनी सांगितले. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती महापालिकेतून एकदमच घेऊन ठेवाव्यात. दाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत फरक असेल तर तो आधीच प्रतिज्ञापत्रात नोंदवावा. आप्पांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते, तेवढ्यासाठी एक प्रतिज्ञापत्र पुन्हा करावे लागले.

करार करताना आम्ही हक्क विकत घेतले-दिले नाहीत. फक्त या पुस्तकापुरती परवानगी परस्परांना दिली. हा फरक फार मोलाचा आहे. परवानगीची मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. म्हणून मुदत, प्रदेश, छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि भाषांतर यांपैकी काय दिले व काय दिले नाही, आणि विक्रीतून उरणारे पैसे कसे वाटायचे, हे सारे स्पष्ट लिहावे. ऑक्टोबर २०२४पासून महाराष्ट्रात शंभरऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक आला. आमचा करार नोव्हेंबरमध्ये झाल्याने तो पाचशेच्या मुद्रांकावर झाला. मसुदा, प्रतिज्ञापत्रे, नोटरी आणि मुद्रांक मिळून साधारण अठरा हजार रुपये लागले, ते दोन्ही घरांनी निम्मे निम्मे भरले.

कागदांपेक्षा माणसांना अधिक वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. काकांची मुलगी, आमची पुण्याची ताई, हिचे म्हणणे होते की पैशांविषयीची पत्रे गाळावीत. मानधनाच्या चाळीस-पन्नास रुपयांवरून दोन थोर माणसे कुरकुर करताना लोकांनी का पाहावीत? माझ्या भावाचे म्हणणे वेगळे होते. १९७८च्या एका दिवाळी अंकात काकांची एक कथा आली होती. तिच्यातला ड्रॉइंगमास्तर तरुणपणी मोठी चित्रे काढायची स्वप्ने पाहतो आणि अखेर दुकानांच्या पाट्या रंगवीत म्हातारा होतो. आप्पा सुट्टीत पाट्या रंगवीत असत हे उभ्या गावभागाला ठाऊक होते. त्या कथेवर चित्र काढायला आप्पांनी नकार दिला, काकांना दोन ओळींचे पत्र लिहिले आणि त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे दोघांमध्ये लेखन-चित्राचा व्यवहार झाला नाही. भावाला ते दोन ओळींचे पत्र नको होते. आई इतकेच म्हणाली, ‘‘ते पत्र टाकायला मीच गेले होते. छापा.’’

या वादाच्या काळात मी प्रस्तावनेसाठी वाचत होते, आणि फ्रान्समधल्या एका जोडीने मला मोठा आधार दिला. चित्रकार पॉल सेझान आणि लेखक एमिल झोला हे दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावी, १८५२च्या सुमारास शाळेत भेटलेले मित्र. झोला आधी पॅरिसला गेला आणि त्याने सेझानला तिकडे यायचा आग्रह केला. १८७८ साली सेझानच्या वडिलांनी त्याला द्यायचे पैसे कमी केले तेव्हा त्याच्या संसारासाठी झोलाने दरमहा साठ फ्रँक पाठवले. १८८६ साली झोलाची एक कादंबरी आली, तिचा नायक अपयशी चित्रकार होता आणि त्याच्यात लोकांना सेझान दिसला. पुस्तक मिळाल्याचे सेझानने थोडक्या शब्दांत, आभार मानून कळवले. त्यापुढचे पत्र कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे मैत्री तिथेच तुटली असे शंभराहून अधिक वर्षे मानले जात होते. मग २०१३ साली सेझानचे नोव्हेंबर १८८७मधले एक पत्र उजेडात आले, त्यात झोलाच्या पुढच्या पुस्तकाबद्दल आभार होते आणि भेटीला येण्याचा शब्द होता. एका साध्या पोचपावतीने शतकभराची समजूत डळमळीत केली. झोला १९०२ साली गेला. १९०६ साली एक्सच्या ग्रंथालयात त्याच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा सेझानला रडू आवरले नाही.

हे मी दोन्ही घरांच्या बैठकीत वाचून दाखवले, आणि नंतर आमच्या यादीतले एक पोस्टकार्ड पुढे ठेवले. ते डिसेंबर १९७९चे, म्हणजे अबोल्याच्या ऐन मध्यातले होते. आप्पांनी काकांना कळवले होते: तुझ्या वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन मिरजेत काल झाले, पट्टी सोमवारी काढतील, मी तिथेच आहे, रजा काढून धावत येऊ नको. खाली नेहमीचे ‘तुझा’ नव्हते, नुसते नाव होते. ‘पट्टी’तली वेलांटी ऱ्हस्व पडलेली होती, आणि ९६ पत्रांतले हे एकच असे होते की ज्यावर लाल शाईची एकही खूण नव्हती. काकांच्या थोरल्या मुलाने, दादाने, ते कार्ड हातात घेतले आणि त्या ऑपरेशनच्या वेळी आपण पुण्याला नववीत होतो, आजोबांजवळ कोण आहे हे बाबांनी घरी कधी सांगितले नाही, असे तो म्हणाला. त्यानंतर काही गाळण्याची मागणी कोणी केली नाही. रूक्ष वाटणारी, कामापुरती पत्रे आधी गाळली जातात. माझे ठाम मत आहे की ती सर्वांत शेवटी गाळावीत. आम्ही केवळ तिऱ्हाईतांच्या आजारपणाचे आणि घरगुती भानगडींचे उल्लेख वगळले आणि वगळले तिथे टिंबे दिली. यादीचा चौथा रकाना इथे कामी आला. काय वगळायचे ते दोन्ही घरांच्या संमतीनेच, असे कलमही करारात घातले.

काकांचा धाकटा मुलगा अमेरिकेत असतो. त्याची सही तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासात, अधिकाऱ्यासमोर करून घ्यावी लागली. भेटीची वेळ मिळण्यातच काही आठवडे गेले. परदेशात सही झालेला दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुरिअरच्या पाकिटावरची तारीख हा पुरावा असतो, म्हणून पाकीट जपून ठेवावे. तो कागद जानेवारी २०२५मध्ये सांगलीला पोचला आणि फेब्रुवारीत त्याचे काम मुद्रांक कार्यालयातून पूर्ण झाले.

ज्यांत आप्पांची चित्रे आली होती त्या मासिकांपैकी दोन अजून चालू आहेत. त्यांची परवानगी एकेका पत्रावर, विनामूल्य आणि आपुलकीने मिळाली. तिसरे मासिक केव्हाच बंद पडलेले, मालकांचे वारस विखुरलेले. त्यांना पत्रासोबत चित्राची प्रत, अंकाचे वर्ष, पान क्रमांक आणि उत्तरासाठी कोरा मसुदा पाठवला. असा तयार मसुदा पाठवला की उत्तर लवकर येते असा माझा अनुभव आहे, पण इथे नुसती पोच आली. त्या मासिकातली दोन चित्रे शेवटी पुस्तकातून बाजूला ठेवावी लागली, आणि दोन्हीही आप्पांच्या उत्तम कामांपैकी होती.

प्रकाशक मिळण्याची वाट आम्ही बरेच दिवस पाहिली. एका प्रकाशकाने हस्तलिखित वर्षभर ठेवून घेतले आणि मग रंगीत पानांचा खर्च आम्ही उचलावा, हक्क मात्र त्यांच्याकडे असावेत असे कळवले. तेव्हा आपणच प्रकाशित करायचे ठरले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, व्यक्तीलाही मिळतो आणि त्याला शुल्क नसते. मधले लोक त्यासाठी दोन-तीन हजार रुपये मागतात, ते देऊ नयेत. संकेतस्थळावर खाते उघडून ओळखपत्र, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान चढवावे लागते. शीर्षकपानावरचे पुस्तकाचे नाव आणि अर्जातले नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. मार्च २०२५मध्ये अर्ज केला, एक त्रुटी निघाली, ती दुरुस्त केल्यावर एप्रिलमध्ये क्रमांक आला. मुखपृष्ठावर कोणाचे नाव आधी, हा शाळेतला प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला. दोन्ही नावे एका ओळीत, अकारविल्हे घालून आम्ही तो सोडवला.

टंकलेखन करणाऱ्या मुलीला पहिली सूचना ही द्यावी लागली की आप्पांचे शुद्धलेखन सुधारू नकोस. मूळ मजकूर जसाच्या तसा छापला आणि काकांच्या लाल दुरुस्त्या तळटीपांत दिल्या. मुद्रितशोधकाला ‘काय तपासायचे नाही’ याची लेखी यादी दिली, कारण तोंडी सांगितलेले तिसऱ्या मुद्रितापर्यंत टिकत नाही. पत्रांचे स्कॅन तीनशे आणि चित्रांचे सहाशे डीपीआयवर केले. मूळ पत्रे दुकानात न पाठवता स्कॅनर दोन दिवस घरी भाड्याने आणला. डेमी आकाराची तीनशे चार पाने, सोळा रंगीत पाने आर्ट पेपरवर, पक्की बांधणी आणि पाचशे प्रती याला एक लाख बेचाळीस हजार रुपये आले. जुळणी, स्कॅन आणि मुद्रितशोधन यांचे अठ्ठावीस हजार वेगळे. रंगीत पानांची चाचणी प्रत छापखान्यात बसून, मूळ पत्र शेजारी धरून पाहावी. पहिल्या प्रतीत समासांतला गेरू विटकरीसारखा लाल आला होता आणि काकांच्या शाईशी त्याची गल्लत होत होती. तो दुरुस्त करून मगच छपाईला होकार दिला.

प्रताधिकाराची नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्याक्षणीच निर्माण झालेला असतो. तरीही पुढच्या पिढीकडे पुरावा असावा म्हणून ती केली. ऑनलाइन अर्ज, पाचशे रुपये शुल्क, डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवसांचा सक्तीचा काळ, आणि मग तपासणी असा तिचा क्रम आहे. सर्व वारसांची संमती जोडलेली असेल तर तपासणीत विचारण्यासारखे फार उरत नाही.

पुस्तक निघाल्यावर एक कर्तव्य राहते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या पुष्कळांना ते माहीत नसते. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. पुस्तकांची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाल्यामुळे त्या स्पीड पोस्टने पाठवल्या. पावत्या आणि पोच यांची वेगळी फाइल केली. आणखी एक प्रत आम्ही सांगली नगरवाचनालयात नेऊन दिली, कारण २०१९च्या पुरात तिथेही पाणी शिरून ग्रंथांची मोठी हानी झाली होती आणि काका-आप्पांच्या पहिल्या काही कथा-चित्रांचे अंक त्या दोघांनी तिथेच बसून वाचले होते.

मूळ पत्रे कोणाकडे ठेवायची याची चर्चा प्रकाशनानंतर झाली. आपापल्या वडिलांची पत्रे आपापल्या घरी यावीत अशी एक सूचना होती. ती आम्ही स्वीकारली नाही. काकांची आमच्याकडे आणि आप्पांची त्यांच्याकडेच राहिली, फक्त स्कॅनचा संपूर्ण संच दोन्ही घरांत एकेक ठेवला आणि तसे दोन ओळींचे पत्र करारासोबत जोडले.

ऑक्टोबरमध्ये त्या बंद पडलेल्या मासिकाच्या वारसांपैकी एकांचे उत्तर आले आहे. त्यांची हरकत नाही, पण त्यांच्या दोन बहिणींच्या सह्या लागतील, आणि एक बहीण नागपूरला आहे. मसुदा पाठवला आहे. सह्या आल्या की ती दोन चित्रे दुसऱ्या आवृत्तीत त्या त्या पत्रांसमोर, पूर्ण पानावर घालायची असे दादाने आणि मी ठरवले आहे.